इंजिनामागे काय होते?

यवतमाळच्या बंद पडलेल्या रेल्वे स्थानकात स्वयंसेवकांनी चालवलेले एक रेल्वे व वाहतूक संग्रहालय उभारावे, अशी सूचना अलीकडे जिल्ह्यात अधूनमधून कानावर येते. सूचना करणारी मंडळी भली आहेत. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, महाविद्यालयीन तरुण आहेत आणि शकुंतलेने शाळेला गेलेले काही प्रौढ व्यापारीही आहेत. शकुंतलेवर त्यांचे खरे प्रेम आहे. दुसऱ्या बाजूला आपल्याच काही कार्यकर्त्यांना हा सारा प्रकार रिकामपणाचा उद्योग वाटतो. ‘बैल गेला अन् झोपा केला,’ असे म्हणून ते विषय संपवतात. प्रस्तुत लेखकाला हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. संग्रहालय हवे, असे आमचे मत आहे. परंतु ते कशासाठी, कोणाचे आणि कोणत्या अटीवर, याचा निर्णय आपण केला नाही, तर तो निर्णय दुसरे कोणी करील. आपल्या हाती मग उद्घाटनाच्या फिती धरण्याचे काम तेवढे उरेल.

या विचाराला निमित्त घडले ते एका सहलीचे. नागपूरला मोतीबागेत २००२ सालापासून नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. जिल्ह्यातील काही शाळकरी मुलांबरोबर तेथे जाण्याचा योग आला. ज्या मुलांनी आपल्या गावात रेल्वे धावताना पाहिलेली नाही, ती मुले इंजिनावर हात फिरवीत होती, चाके मोजत होती, शिट्टीची दोरी शोधत होती. यंत्राविषयीचे हे कुतूहल निर्मळ असते आणि ज्याला ते पाहून आनंद होत नाही त्याने समाज बदलण्याच्या गोष्टी करू नयेत. त्या गलक्यात दारव्ह्याकडील एक मुलगी मात्र इंजिनाच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तेथे काहीच जोडलेले नव्हते. तिने विचारले, ‘‘सर, हे ओढत काय होतं?’’

प्रश्न साधा होता. कोळसा किती लागे, वेग किती होता, इंजिन कोठे बनले, हे तिने विचारले नाही. संग्रहालयात इंजिन ठेवता येते. इंजिनामागे जे होते ते ठेवणे मात्र अवघड असते. यवतमाळमध्ये जे संग्रहालय व्हायचे असेल त्याने या एका प्रश्नाचे उत्तर दिले, तर ते सार्थकी लागेल. ते उत्तर टाळून उभे केलेले संग्रहालय म्हणजे रंग दिलेले लोखंड होय.

तेव्हा प्रथम उत्तरच देऊ. इंजिनामागे कापूस होता.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि साहेबाची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर स्थिरावली. १८६७ पर्यंत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ भुसावळ, अकोला, बडनेरा असा वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचला. पण त्या मुख्य मार्गापासून दूर असलेल्या मुलखाचा कापूस बैलगाड्यांनी खडखडत स्थानकापर्यंत यावा लागे. पावसाळ्यात वाटा चिखलात बुडत. १९०२ मध्ये वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९०५ मध्ये वणी जिल्ह्याचे नाव बदलून यवतमाळ झाले. याच सुमारास मुर्तिजापूर या मुख्य मार्गावरील स्थानकातून दोन बाजूंना दोन फाटे काढण्याची योजना आकाराला आली. एक उत्तरेस अचलपूरकडे, सुमारे ७६ किलोमीटरचा. दुसरा दक्षिणेस कारंजा, दारव्हा, लाडखेड करीत यवतमाळकडे, सुमारे ११३ किलोमीटरचा. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. हेच पुढे लोकांच्या तोंडी ‘शकुंतला’ झाले.

हे रूळ सरकारने टाकले नाहीत आणि मुख्य रेल्वे कंपनीनेही टाकले नाहीत. मुंबईच्या किलिक निक्सन या इंग्रजी पेढीने त्यासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. त्या काळी शाखा-रेल्वेचा धंदा कसा चाले, ते कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे, कारण आजच्या ‘भागीदारी’च्या योजनांची ती पणजी आहे. भांडवल कंपनीचे, गाड्या चालवण्याची जबाबदारी मुख्य रेल्वेची, आणि भागधारकांना परतावा मिळेल अशी हमी किंवा सवलत सरकारची, असा या धंद्याचा सर्वसाधारण साचा होता. जोखीम जनतेच्या तिजोरीवर आणि लाभांश भागधारकाच्या खिशात! वऱ्हाडच्या या मार्गावरही रूळ कंपनीचे राहिले, गाड्या जीआयपी रेल्वेने चालवल्या आणि कंपनीला त्याचा मोबदला मिळत राहिला. १९२१ च्या ॲकवर्थ समितीने रेल्वे सरकारने स्वतः चालवावी, असा कौल दिला. १९२५ मध्ये जीआयपी रेल्वे सरकारच्या ताब्यात आली. पण शकुंतलेचे रूळ कंपनीचेच राहिले.

म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचे पुरे उत्तर असे की, इंजिनामागे कापसाच्या वाघिणी होत्या, वाघिणींमागे करार होता आणि करारामागे असे एक राज्य होते, ज्याला या मुलखाचा माल हवा होता पण या मुलखाची माणसे नको होती. कापूस वेचणारी बाई, जिनिंगमध्ये सरकी वेगळी करणारा मजूर, प्रेसमध्ये गाठी बांधणारा हमाल आणि भर उन्हात रुळावर घण मारणारा गँगमन, ही साखळीची पहिली टोके. शेवटचे टोक मँचेस्टरच्या बाजारात. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले झेडडी जातीचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावू लागले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. सत्तर वर्षे एक इंजिन चालते ठेवणाऱ्या आमच्या फिटर, फायरमन आणि खलाशांची नावे कोणत्या पाटीवर आहेत? इंजिन बनवणाऱ्या कारखान्याचे नाव पितळेच्या पाटीवर कोरलेले असते. ते जिवंत ठेवणाऱ्याचे नाव हजेरीपटावर असते, आणि हजेरीपट रद्दीत जातात.

आता एका लोकप्रिय कथेचा समाचार घेतला पाहिजे. शकुंतलेविषयी जे काही छापून येते त्यात एक वाक्य हमखास असते: स्वातंत्र्यानंतरही भारत सरकार या रेल्वेसाठी इंग्रजांना खंडणी देत होते. हे वाक्य ऐकले की श्रोत्यांचे रक्त तापते आणि वक्त्याला टाळी मिळते. या कथेत तथ्यांश आहे: रूळ खासगी कंपनीचे राहिले आणि त्यापोटी मोबदला देण्याचा करार स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला, हे खरे आहे. पण किलिक निक्सनची मालकी स्वातंत्र्यानंतरच्या काळात भारतीय हातांत आली होती, हे सांगायला वक्ते विसरतात. गोरा मालक जाऊन त्याच्या खुर्चीवर आपला मालक बसला. लंडनच्या नावाने बोटे मोडली की मुंबईकडे बोट दाखवावे लागत नाही, आणि दिल्लीला जाब विचारावा लागत नाही, हीच या देशभक्तीची सोय आहे. ज्या चळवळीने ‘काळा साहेब’ हा शब्द या देशाला ऐकवला, तिच्या कार्यकर्त्यांनी तरी ही अर्धी गोष्ट पुरी म्हणून सांगू नये.

हा मार्ग सरकारला घेता येणे अशक्य होते काय? शेजारचाच दाखला पाहा. बार्शी लाइट रेल्वे ही याच अडीच फुटी मापाची. तिची कंपनी लंडनला नोंदलेली होती, मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला, पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत वाढला. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती विकत घेतली. पुढे बराच उशीर झाला खरा, पण तो मार्ग ब्रॉडगेज झाला आणि आज लातूर, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज या गावांतून मोठ्या गाड्या धावतात. जे बार्शीच्या बाबतीत १९५४ मध्ये जमले, ते यवतमाळच्या बाबतीत पुढच्या साठ वर्षांत का जमले नाही? कायदा आडवा आला नाही. पैसाही अशक्य कोटीतला नव्हता. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव या गावांचा आवाज दिल्लीच्या दारापर्यंत पोचत नव्हता आणि आपण तो पोचवला नाही, हे खरे कारण आहे. मालकी आपली नाही म्हणून सरकार रुळांवर खर्च करीना. आणि ठरलेला मोबदला मिळतो आहे तोवर रूळ सुधारण्याची निकड मालकालाही भासेना. या दोन उदासीनतांच्या मधल्या फटीत एक अख्खी रेल्वे गंजली.

तरीही ती बराच काळ धावली. ताशी वीस किलोमीटरच्या आसपास तिचा वेग. शेवटच्या काळात गाडीबरोबरच्या मोजक्या कर्मचाऱ्यांवर तिकीट देण्यापासून फाटक लावण्यापर्यंतची कामे पडत. शहरी पाहुणे तिला पाहून हसत. पण एसटीच्या भाड्याच्या एका हिश्शात ती मजुराला तालुक्याच्या गावी पोचवी. भाजीची पाटी, दुधाची कॅन, लग्नाचे बिऱ्हाड, दवाखान्यात न्यायचा म्हातारा, सारे तिच्यात मावत. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला वेग हवा असतो. ज्याच्या खिशात तो नाही त्याला गाडी हवी असते. गेल्या दशकात दोन्ही मार्ग थांबले. ब्रॉडगेजच्या घोषणा झाल्या. मोजण्या झाल्या. अचलपूर-परतवाड्याच्या बाजूला नागरिकांनी ती गाडी पुन्हा सुरू व्हावी म्हणून आंदोलने केली. रुळांवर मात्र बाभळी वाढल्या.

अशा ठिकाणी स्वयंसेवकांनी संग्रहालय उभारावे काय, हा आता आपल्यापुढील प्रश्न.

स्वयंसेवकांनी रेल्वे चालवण्याची कल्पना हास्यास्पद नाही. जगात हे प्रथम घडले ते वेल्समधील टॅलिलिन येथे. १८६५ मध्ये दगडी पाट्यांच्या खाणीसाठी टाकलेली ही अरुंद मापाची छोटी रेल्वे. १९४६ मध्ये खाण बंद पडली, १९५० मध्ये मालक वारला, रेल्वे भंगारात जाण्याची वेळ आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एल. टी. सी. रोल्ट या लेखकाच्या पुढाकाराने काही मंडळी बर्मिंगहॅममध्ये जमली, त्यांनी संस्था काढली आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांनी चालवलेली पहिली गाडी धावली. ती आजही धावते. तिच्या स्थानकात अरुंद मापाच्या रेल्वेचे संग्रहालयही आहे. हे उदाहरण संग्रहालयवादी मंडळी आवडीने देतात आणि ते खरोखर स्फूर्तिदायक आहे. कारकून, शिक्षक, अभियंते सुट्टीच्या दिवशी येऊन रुळाखालची खडी भरतात, यात श्रमाची प्रतिष्ठा आहे.

परंतु तारखांकडे लक्ष द्या. त्याच १९५१ साली आपल्याकडे रेल्वेची पुनर्रचना होऊन मध्य रेल्वे जन्माला आली. वेल्समध्ये स्वयंसेवकांनी खाणमालकाची सोडून दिलेली रेल्वे उचलली, ती लोकांच्या रोजच्या प्रवासाची मुख्य वाट राहिलेली नव्हती म्हणून. आपल्याकडे राज्यसंस्थेने साऱ्या देशाचा प्रवास आपल्या शिरावर घेतला, तो तिचा धर्म म्हणून. या दोन गोष्टींची गल्लत करू नये. हौस स्वयंसेवकाची असू शकते, कर्तव्य राज्याचे असते. ब्रिटनमध्येही १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर शेकडो स्थानके बंद पडली, आणि कित्येक बंद मार्गांवर पुढे हौशी संस्थांच्या गाड्या धावल्या. रविवारी वाफेच्या इंजिनाची सफर झोकात झाली; सोमवारी कामावर जाणाऱ्याला मात्र गाडी उरली नाही. यवतमाळला असली रविवारची रेल्वे नको आहे.

येथे आपल्या कार्यकर्त्यांच्या आक्षेपाकडे वळू. ते म्हणतात, जिल्ह्यात कापसाला भाव नाही, शेतकरी आत्महत्या करीत आहेत, आणि तुम्हाला जुन्या कंदिलांची काळजी! या आक्षेपातील कळकळ आम्हाला मान्य आहे. निष्कर्ष मान्य नाही. ज्या मुलखाला आपला कापूस कोणत्या वाटेने गेला हे ठाऊक नाही, त्याला आपला भाव कोठे ठरतो हेही उमगत नाही. १९७२ साली या राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. तिच्यात दोष होते, भ्रष्टाचार होता, ती पुढे मोडीत निघाली. पण गाठ बांधणाऱ्याने दर ठरवण्याच्या खोलीत पाय ठेवण्याचा तो एक प्रयत्न होता. शकुंतलेच्या वाघिणीपासून त्या योजनेपर्यंत आणि तेथून आजच्या व्यापाऱ्याच्या काट्यापर्यंत एक सरळ रेषा जाते. ती रेषा मुलांना दाखवण्याची जागा कोठे आहे? पाठ्यपुस्तकात नाही, सभेत वेळ नाही. संग्रहालयात ती दाखवता येईल.

शिवाय, श्रमदान आपल्याला कोणी नव्याने शिकवावे अशी स्थिती नाही. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या पथकांनी फावडी घेऊन रस्ते केले, विहिरी उपसल्या. रेल्वे कामगारांचा लढा तर आपल्या चळवळीच्या अंगाखांद्यावर वाढला. ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली लाखो रेल्वे कामगार संपावर गेले, वीस दिवस टिकले, तुरुंगात गेले, वसाहतींतून कुटुंबासह बाहेर काढले गेले. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, त्यांनी बडतर्फ संपकऱ्यांना कामावर परत घेतले, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी घातली. लहान गोष्ट वाटते. पण रात्रभर फळीवर बसून गेलेल्या माणसाला ती लहान वाटली नाही. ती एक गादी आणि ती एक फळी शेजारी शेजारी ठेवली तर समाजवाद म्हणजे काय, हे समजावण्यास व्याख्यानाची गरज पडणार नाही. हा इतिहास आपला आहे. तो आपण जपला नाही तर इंजिनाच्या वजनाची आणि बांधणीच्या सालाची पाटी तेवढी उरेल.

आता दुसऱ्या पक्षाशी दोन शब्द. वारसा, वारसा असा जप करणाऱ्यांना आमचा सवाल आहे की, वारसा ठरवतो कोण? दार्जिलिंग, निलगिरी आणि काल्का-सिमला या तीन डोंगरी रेल्वे अनुक्रमे १९९९, २००५ आणि २००८ मध्ये जागतिक वारसा ठरल्या. त्या जपल्या जाव्यात, त्याबद्दल वाद नाही. आपल्या माथेरानच्या १९०७ च्या गाडीचेही कौतुक होते आणि व्हावे. पण हे सारे मार्ग थंड हवेच्या ठिकाणी जाणारे आहेत. साहेब उन्हाळ्यात जेथे चढून जाई, तेथील रूळ वारसा झाले. साहेबाचा माल उन्हातान्हातून जेथून आला, तेथील रूळ भंगार झाले. निसर्गसौंदर्य हा निकष लावला तर मुर्तिजापूर-यवतमाळचे सपाट रान कधीच पास होणार नाही. श्रमाचा इतिहास हा निकष लावला तर या देशात फार थोडे मार्ग त्याच्या पुढे जातील. निकष बदलण्याची मागणी हीच खरी वारशाची चळवळ होय.

‘पर्यटक गाडी’च्या कल्पनेला तर आमचा स्पष्ट विरोध आहे. कारंजा ते दारव्हा चार डबे रंगवून, पगडी घातलेला नोकर चहा देतो आहे, आणि पाहुणे खिडकीतून कापूस वेचणाऱ्या बायांची छायाचित्रे काढीत आहेत, हे चित्र ज्यांना सुखावते त्यांनी एकदा त्या बाईच्या बाजूने खिडकीकडे पाहावे. जिला त्या गाडीत बसण्याचे भाडे परवडत नाही, तिच्या घामावर ती गाडी उभी राहिली. तिला देखावा करणे हा वारसा नव्हे. तो मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाण्याचा प्रकार आहे.

परंतु सर्वांत मोठा धोका निराळाच आहे. शासनाला अशी संग्रहालये आवडतात. स्थानकाची इमारत नाममात्र भाड्याने एखाद्या हौशी मंडळाला दिली, दोन दिवे लावले, एक फलक लावला, की खाते बंद करता येते. जिवंत माणसाला श्राद्धाचे ताट वाढून मोकळे होण्यातलाच हा प्रकार. पुढे कोणी गाडी मागितली तर उत्तर तयार असते: तुमच्या भावनांचा आदर करून आम्ही तेथे संग्रहालय केले आहे! स्वयंसेवकांची निष्ठा अशा वेळी, त्यांच्या नकळत, शासनाच्या कर्तव्यच्युतीवरचे पांघरूण होते. पगारी पहारेकऱ्याची जागा फुकटच्या निष्ठेने भरली जाते आणि एका निवृत्त गँगमनच्या मुलाची नोकरी त्यात बुडते, हेही लक्षात ठेवावे.

कोणी म्हणेल, आता वर्धा-यवतमाळ-नांदेड हा ब्रॉडगेज मार्ग होत आहे, मग शकुंतलेचा आग्रह कशाला? हा सुमारे २८४ किलोमीटरचा मार्ग व्हायलाच हवा. त्याच्या मागणीत जिल्ह्याने पिढ्या घालवल्या. त्यातील वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला, त्याचे स्वागतच आहे. परंतु नकाशा उघडून पाहा. हा मार्ग कारंजा, मुर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव आणि अचलपूर यांचा प्रश्न सोडवीत नाही. मुंबई-नागपूर मार्गाला या गावांनी जोडायचे ते कशाने? कोकणाला रेल्वे मिळाली ती नाथ पै, दंडवते, फर्नांडिस यांच्यासारख्यांनी संसदेत आणि संसदेबाहेर दशकानुदशके तो प्रश्न जिवंत ठेवला म्हणून. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. डोंगर फोडून, दऱ्या ओलांडून जे तेथे झाले, ते येथील सपाट मुलखात का होऊ नये? येथे बोगदा खणायचा नाही. इच्छाशक्तीच तेवढी लागणार आहे.

तेव्हा आमचे म्हणणे असे. संग्रहालय करा, पण मागणीच्या बदल्यात करू नका, मागणीचे ठाणे म्हणून करा. त्याच्या दारात इंजिनाच्या आधी करार लावा. रूळ कोणाचे, गाडी कोणाची, मोबदला कोणाला, हे सोप्या मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा. त्यानंतर कापसाची गाठ ठेवा आणि तिच्याजवळ त्या काळी वेचणाऱ्या बाईला काय मिळे, हे जिल्ह्यातील जुन्या वह्यांतून शोधून लिहा. बैलगाडी ठेवा, छकडा ठेवा; वाहतुकीचा इतिहास वाफेपासून सुरू होत नाही. १९४८ मध्ये सुरू झालेल्या एसटीचे तिकीट आणि चिमटा ठेवा, कारण रूळ थांबल्यावर या जिल्ह्याचा भार तिच्या चालक-वाहकांनी वाहिला. गँगमनची पहार, घण, हातदिवा, लाल-हिरवी झेंडी ठेवा. आणि ती ज्यांनी वापरली त्यांच्या तोंडून त्यांची हकिगत नोंदवून घ्या. हे काम आज केले नाही तर उद्या सांगणारा उरणार नाही. म्हातारी माणसे संग्रहालयाच्या समितीची वाट पाहत थांबत नाहीत.

या कामात स्वयंसेवक जरूर हवेत. मुले हवीत, शिक्षक हवेत, निवृत्त रेल्वे कामगार तर पहिल्या ओळीत हवेत. पण कारभार देणगीदारांच्या विश्वस्त मंडळाकडे नसावा. कामगारांचे, शेतमजुरांचे आणि शाळांचे प्रतिनिधी त्यात निवडून यावेत. इमारतीची देखभाल आणि पहारा ही रेल्वेची जबाबदारी, ती पगारी माणसांनी करावी. प्रवेशाला तिकीट नसावे. आणि एक भिंत कोरी ठेवावी. त्या भिंतीवर एकच गोष्ट लावायची आहे: यवतमाळ-मुर्तिजापूर गाडीचे नवे वेळापत्रक. ते लागेपर्यंत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला, मग तो मंत्री असो की विद्यार्थी, त्या कोऱ्या भिंतीसमोर उभे करून ती कोरी का आहे, हे सांगावे.

कालिदासाच्या नाटकातील राजाला शकुंतलेची ओळख पटली नाही, कारण खुणेची अंगठी हरवली होती. ती एका कोळ्याला माशाच्या पोटात सापडली, तेव्हा राजाला आठवण झाली. आणि अंगठी आणणाऱ्या त्या गरिबाला आधी शिपायांनी चोर म्हणून बांधून नेले होते. आपल्या शकुंतलेची अंगठी म्हणजे जुने करार, हजेरीपट, वाघिणींच्या पावत्या आणि म्हाताऱ्या गँगमनच्या आठवणी. ती शोधून दरबारात नेण्याचे काम पुन्हा गरिबालाच करावे लागणार आहे, आणि शिपाई या वेळीही दारात उभे असतील. जिल्ह्यातील शाखांनी येत्या कापूस हंगामाआधी आपापल्या गावातील निवृत्त रेल्वे कामगारांच्या घरी जाऊन याची सुरुवात करावी. दारव्ह्याच्या त्या मुलीला आम्ही उत्तराचे वचन दिले आहे.